रिगाला आई-बाबांना घेऊन जातेय : जेवणाखाण्याचा खर्च किती धरावा?

इसारकाठ

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आई-बाबा पुण्याहून माझ्याकडे म्युनिकला येतायत. त्यांना घेऊन लाटवियात, रिगाला जायचं पक्कं केलंय. विमानाची तिकिटं झाली, जुन्या शहराला लागून छोटं स्वयंपाकघर असलेलं एक घरही भाड्याने मिळालं. अडलंय ते जेवणापाशी.

बाबा मूळचे देवगडकडचे. मासे दिसले की त्यांना बाकी काही लागत नाही. आई शाकाहारी, अंडंही नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद. मी जेवणाखाण्यासाठी माणशी दिवसाला ४० युरो धरलेत. कमी आहेत की जास्त, हेच कळत नाहीये. एक जण लिहितो की रिगा म्हणजे युरोपातलं स्वस्त शहर, दुसरा लिहितो की एका जेवणाला तिशी पार होते. दोघंही खरं लिहीत असतील तर फरक नेमका कशाने पडतो?

बाबा परदेशात मेन्यूकार्ड उजव्या बाजूने वाचतात. आकड्याला शंभरने गुणून झालं की "मला नुसतं सूप चालेल" सुरू होतं. ते मला नकोय. दोघांनी आयुष्यभर आमच्यापायी हात आखडता घेतला, आता तरी पोटभर आणि मनासारखं खावं. आणि तिथलं खावं. कुणी जाऊन आलेलं किंवा तिथेच राहणारं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

राईची भाकरी

मी रिगातच राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो आणि इथलेच झालो. दर उन्हाळ्यात पाहुणे येतात आणि हाच विषय निघतो, म्हणून नीट बसून लिहिते.

दोघंही खरंच लिहितायत. रिगात जेवणाचं बिल ठरतं ते घड्याळात किती वाजलेत आणि तुम्ही कालव्याच्या कुठल्या बाजूला बसलाय यावर. काय खाताय हे त्यानंतर.

जुनं शहर आणि नवं शहर यांच्या मधून एक कालवा जातो. दोन्ही काठांना बागा आहेत आणि तिथेच स्वातंत्र्य स्मारक उभं आहे. स्मारकापासून नदीकडे गेलात, म्हणजे डोमा चौक, लीवू चौक या भागात, की टेबलं चौकात मांडलेली आणि मेन्यू चार-पाच भाषांतला. संध्याकाळी मुख्य पदार्थ साधारण १६ ते २५ युरो, सूप ६ ते ९. तिथे बसूच नका असं मी म्हणणार नाही. चौक सुंदर आहेत, आई-बाबांना एक संध्याकाळ तिथे कॉफी पाजाच, कॉफी साडेतीन-चार युरोत होते. पण जेवण तिथे नको.

स्मारक ओलांडून ब्रीवीबास, तेर्बातास, ग्येर्त्रूदेस या रस्त्यांकडे दहा मिनिटं चाललात की नोकरदार माणसं जेवतात ती ठिकाणं लागतात. सोमवार ते शुक्रवार दुपारी बाराच्या सुमारास दारात फळा लागतो, त्यावर 'दिएनास पिएदावायुम्स' लिहिलेलं असतं. त्या दिवसाचा ठरलेला बेत. सूप आणि मुख्य पदार्थ, कुठे सोबत पेय, कुठे छोटंसं गोड, सगळं मिळून ८ ते १२ युरो. तीन वाजले की फळा आत जातो. संध्याकाळी त्याच स्वयंपाकघरात, त्याच हातचा नुसता मुख्य पदार्थ १५-१८ ला पडतो. इथली माणसं म्हणूनच दुपारी व्यवस्थित जेवतात आणि रात्री घरी पाव, चीज, सूप असं आटोपतात. तुमच्याकडे स्वयंपाकघर आहे, तुम्हीही तसंच करा. मग ४० तर सोडाच, माणशी २५-३० मध्ये अगदी रुबाबात होईल.

शनिवार-रविवारी हे दुपारचे बेत बहुतेक ठिकाणी नसतात. तेव्हा लीडोला जा. लाटवियन घरगुती पदार्थांची ही साखळी आहे आणि तुमच्या बाबांसाठी तर मला हीच जागा सगळ्यात योग्य वाटते. ट्रे उचलायचा आणि रांगेने सरकत जायचं. आधी सॅलड, मग सूप, पुढे तव्यावर बटाट्याचे पॅनकेक होत असतात, मग मांस-मासे, मग उकडलेले बटाटे, बकव्हीट, शिजवलेली कोबी, शेवटी गोड आणि पेयं. समोर दिसतं तेच बोट दाखवून घ्यायचं, त्यामुळे भाषा आडवी येत नाही. प्रत्येक पदार्थापुढे पाटी असते. फक्त एक बघा, काही पाट्यांवरचा भाव ताटलीचा असतो आणि काहींवर १०० ग्रॅमचा, विशेषतः माशांवर. एका माणसाचं भरपेट जेवण ९ ते १३ युरो. शहरात शाखा आहेत, पण वेळ असेल तर क्रास्ता रस्त्यावरचं मोठं लीडो बघा. ओंडक्यांचं भलंमोठं लाकडी घर, बाहेर पवनचक्की. आई-बाबांना तिथे दोन तास सहज बसवेल.

आईंबद्दल वेगळं लिहिते, मुलांना शाळेतून आणायची वेळ झाली.

सांगलीचा मेकॅनिकल

ताई, मी इथे इंजिनिअरिंगला आहे. राईची भाकरी काकूंनी सांगितलं त्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने थोडी भर.

किराणा : रिमी, मॅक्सिमा आणि लिडल. मॅक्सिमाच्या पाटीवर एक, दोन किंवा तीन एक्स असतात, जितके एक्स तितकं दुकान मोठं. दूध लिटरला सव्वा-दीड युरो, बटाटे किलोला एकच्या आतबाहेर, राईचा पाव दीड ते अडीच. बिएझपिएन्स नावाचं ताजं, भुसभुशीत दह्याचं चीज मिळतं, ते इथे सगळे रोज खातात. त्याचेच छोटे गोड बार चॉकलेटचं आवरण लावून थंड कपाटात ठेवलेले असतात. 'कारुम्स' हा त्यातला सगळ्यांचा लाडका ब्रँड. ६०-७० सेंटला एक. आई-बाबांना नक्की द्या.

पाणी : नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. बाटली विकत घेतलीत तर प्रत्येक बाटलीमागे १० सेंट अनामत कापली जाते. फेब्रुवारी २०२२ पासून ही पद्धत आहे. रिकामी बाटली दुकानाबाहेरच्या यंत्रात टाकली की पावती येते, ती काउंटरवर द्यायची. बाटली चेपू नका, यंत्र घेत नाही.

बस-ट्राम : ९० मिनिटांचं तिकीट दीड युरो, तेवढ्या वेळात गाडी बदलली तरी चालतं. विमानतळावरून २२ नंबरची बस थेट शहरात येते. विमानतळावर खाऊ नका, अर्ध्या तासात गावात पोचाल.

भारतीय रेस्टॉरंटं आहेत, आमच्यासारखी पुष्कळ भारतीय मुलं इथे शिकतात. पण एक भाजी १२-१५, भात-नान वेगळे. त्या पैशात दोन जण दुपारचा बेत जेवतात. घरची फारच आठवण आली तरच जातो.

जुना पांथस्थ

इतका विचार कशाला करताय? आम्ही युरो आल्याच्या पुढच्याच वर्षी गेलो होतो. पाच युरोत पोट टम्म भरायचं, जुन्या शहरातसुद्धा. बाल्टिक देश म्हणजे स्वस्ताईच. ४० युरो म्हणजे चैन आहे चैन.

राईची भाकरी

काका, तुमचा अनुभव त्या काळाचा म्हणून अगदी खरा. लाटवियात युरो आला १ जानेवारी २०१४ ला. पण २०२२ मध्ये इथली महागाई वर्षाला १७ टक्क्यांच्या वर गेली. युक्रेन युद्धानंतर गॅस-वीज भडकली आणि हिवाळ्यात घर तापवायचं की बाहेर जेवायचं असा प्रश्न कितीतरी घरांत उभा राहिला. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या दोन खानावळी बंद झाल्या. त्यानंतर महागाईचा वेग ओसरला, पण वाढलेले भाव काही खाली आले नाहीत. इथल्या पगारांच्या मानाने बाहेरचं जेवण आता महागच आहे, म्हणूनच तर दुपारच्या बेताला एवढी गर्दी. जुने भाव मनात धरून येणाऱ्यांचा हिरमोड होतो आणि मग ते शहरावर चिडतात. तसं कुणाचं होऊ नये, म्हणून लिहिलं.

आता आईंसाठी. शाकाहार ही अडचण नाही, कांदा-लसूण आणि अंडं मिळून थोडी आहे. सूप बहुतेक मांसाच्या पाण्यात करतात, भाज्यांचं दिसलं तरी विचारा. 'बेज गाल्यास' म्हटलं की मांसाशिवाय हे कळतं, आणि तरुण मुलामुलींना इंग्रजी उत्तम येतं. बटाट्याच्या पॅनकेकमध्ये अंडं आणि बऱ्याचदा कांदा असतो, ते टाळा. शिजवलेल्या कोबीत कधी चरबी घालतात. मग उरतं काय? पुष्कळ उरतं. लोणी आणि भरपूर शेपू घातलेले उकडलेले बटाटे. आईंना शेपू आवडत असेल तर त्यांची चंगळ आहे, इथे शेपूशिवाय ताट पुढे येत नाही. बकव्हीट, म्हणजे उत्तरेत उपासाला चालणारा कुट्टू, नुसता मोकळा शिजवून देतात. बिटाची, काकडीची, गाजराची सॅलडं. बिएझपिएन्स आणि आंबट साय. राईचा काळा पाव आणि लोणी.

बिटाचं गार गुलाबी सूप केफिरमध्ये, म्हणजे ताकासारख्या आंबवलेल्या दुधात करतात. उन्हाळ्याचा पदार्थ, सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळून जाईल. त्यात कांद्याची पात आणि वर अर्धं अंडं असतं, कुठे सॉसेजचे तुकडेही. अंडं नको सांगता येतं, पात आधीच मिसळलेली असते. आईंना चालत नसेल तर घरी करा : केफिर, उकडलेलं बीट किसून, काकडी, शेपू, मीठ. पाच मिनिटांचं काम.

गोडात देबेसमान्ना विसरू नका. क्रॅनबेरीच्या रसात रवा शिजवायचा आणि गार करताना इतका फेटायचा की त्याचा गुलाबी फेस होतो, मग गार दूध ओतून खायचा. अंडं नाही, जिलेटिन नाही. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा दोनदा मागून घेतला. दुसरा पदार्थ रुप्यमाइझेस कार्तोयुम्स : काळ्या पावाचा चुरा, मोरंबा आणि फेटलेलं क्रीम यांचे थर. साधारण ४-५ युरो.

सोलकढी

इसारकाठ, तुमच्या बाबांसाठी मला राहवत नाही म्हणून लिहितेय. मी मालवणची, नवरा वसईचा, आम्ही रिगाला गेलो ते मध्यवर्ती बाजारासाठी आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ काढला.

रेल्वे स्थानकाच्या मागे पाच प्रचंड कमानदार दालनं आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी लाटवियातल्याच वाइन्योदे इथे झेपेलिन, म्हणजे वायूने भरलेली हवाई जहाजं ठेवायला जे अवाढव्य हँगर उभारले होते, त्यांचे भाग आणून १९३० मध्ये हा बाजार उघडला. छत इतकं उंच की खालच्या माणसांचा आवाज वर विरून जातो. मांस, दूध, भाजी, मासळी अशी वेगवेगळी दालनं. आईंना थेट दूध आणि भाजीच्या दालनात न्या, मांसाचं दालन बाहेरून वळसा घालून टाळता येतं.

मासळीच्या दालनात बाबांना तासभर सोडून द्या. ताजी मासळी आहेच, पण खरी मजा धुरावलेल्या माशांची. सोनेरी-तांबूस रंगाचे बांगडे, ब्रीम, सामन, ओळीने मांडलेले, त्यावर तेलाची चकाकी. ईल सगळ्यात महाग. बांगडा सुट्टा घेता येतो, वजनावर, दोघांत एक पुरतो. कागदात गुंडाळून देतात. काळा पाव, लोणी आणि तो बांगडा घेऊन कालव्याकाठी बागेत बसलो, दोघांचे मिळून दहा युरोही झाले नाहीत. सप्टेंबरात लँप्रे मिळायला लागतात, सापासारखा दिसणारा मासा, भाजून त्याच्याच रसात गोठवतात. बाबांना बघून कसंतरी होईल कदाचित, पण आमच्या ह्यांनी आवडीने खाल्ला. दालनातच छोटी खायची ठिकाणं आहेत, तिथे हेरिंग, बिएझपिएन्स आणि उकडलेला बटाटा एका ताटलीत देतात. खारवलेला मासा आणि ताजं पांढरं चीज, कागदावर विचित्र वाटतं, तोंडात मात्र एकदम जमतं. नक्की मागवा.

आणि आईंसाठी लोणच्यांची ओळ! भाजीच्या दालनात पिंपं मांडलेली असतात. एकात काकड्या, वर शेपूची सुकी फुलं तरंगतायत. एकात कोबी, साधी, गाजराची, क्रॅनबेरीची, कॅरवेची (जिऱ्यासारखं बी), प्रत्येकाचा आंबटपणा वेगळा. एकात बिटाच्या रसात मुरून जांभळा झालेला अख्खा लसूण, तो आईंनी बघायचाच फक्त. विकणाऱ्या बायका वयस्कर. मी नुसती थांबले तर त्यांतल्या एकीने चिमट्याने कोबीचा झुबका उचलून हातावर ठेवला. मान हलवली, दुसऱ्या पिंपातला ठेवला. घ्यायची सक्ती नाही. थोडंसं, दोनशे ग्रॅम, मागितलं तरी त्याच आपुलकीने बांधून दिलं. या कोबीत कांदा नसतो, मीठ आणि आंबणं एवढंच.

सकाळी जा. चारनंतर बरेच गाळे आवरायला घेतात आणि रविवारी वेळ कमी. बाहेरच्या मांडवांत फळं असतात, रानातल्या बेरी किलोवर न विकता लिटरच्या मापाने विकतात. सप्टेंबरात क्रॅनबेरी आणि रानमशरूम असतील. सुटे पैसे जवळ ठेवा, आत कार्ड चालतं पण बाहेरच्या आजीबाईंकडे नाही.

टालिनकर

वाचनखूण साठवली. आमच्याकडून तुलना देतो, कारण बरेच जण टालिन, रिगा आणि व्हिल्नियस या तिन्ही बाल्टिक राजधान्या एकत्र करतात. तिन्हींत टालिन महाग. एस्टोनियात जुलै २०२५ पासून व्हॅट २४ टक्के झालाय, लाटविया-लिथुआनियात तो २१ आहे, आणि तो खाण्याच्या बिलातच धरलेला असतो. व्हिल्नियस आणि रिगा साधारण सारखे. आमच्याकडेही दुपारचा बेत आहे आणि रेल्वे स्थानकाशेजारचा बाल्टी यामा बाजार आहे, पण रिगाच्या बाजाराइतका पसारा आणि तितकी साधी माणसं इथे उरली नाहीत. मला रिगाचा हेवा वाटतो. रिगाहून टालिनला बसने साडेचार तास लागतात, वाटेतलं खाणं रिगातच बांधून घ्या.

माहेरवाशीण

सगळं छान आहे, पण मी वेगळं सांगते. चातुर्मास पाळणाऱ्या बाईला रोज बाहेर विचारत बसायला लावू नका. हे खाल्लं तर चालेल का, त्यात काय असेल, हा प्रश्न दर जेवणाला पडला की माणूस उपाशी उठतो. माझ्या आईचं तसंच झालं होतं. घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चिवडा, गोडा मसाला, सगळं न्या आणि दोन्ही वेळा घरीच करा. खर्चही वाचेल.

इसारकाठ

इतकी माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. सोलकढीताई, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला, ते आत्तापासून बांगड्याच्या गोष्टी करतायत. माहेरवाशीण, तुमचं म्हणणं पटतंय. पण आईला फक्त स्वयंपाकघर बदलून द्यायचं का, हाही प्रश्न मनात आहे. ती म्हणतेय पुण्याहून तूप, खव्याच्या पोळ्या आणि कढीपत्ता आणते.

राईची भाकरी

तेवढं मात्र आणू देऊ नका! भारतातून युरोपीय संघात येताना प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, चक्का, सगळं त्यात येतं. ताज्या भाज्या-फळांवरही बंधन आहे, नारळ, केळी, अननस, खजूर अशी मोजकी फळं सोडून, आणि कढीपत्ता तर अजिबात नाही. म्युनिकला उतरल्यावर डब्यातलं तूप कचऱ्यात टाकताना आईंना काय वाटेल, विचार करा. भाजणी, मेतकूट, कोरडे मसाले खुशाल आणा. तूप इथल्या लोण्याचं कढवा, लाटवियातलं लोणी उत्तम असतं.

माहेरवाशीण, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं, तो त्रास मी जवळून पाहिलाय. म्हणून मधला मार्ग सुचवते. सकाळी बाजारातून बटाटे, शेपू, बीट, बिएझपिएन्स आणायचं, आईंना सोबत घेऊन, त्यांनी निवडलेलं. न्याहारी आणि रात्रीचं घरी. दुपारी एकदाच बाहेर, आणि ते लीडोसारख्या ठिकाणी, जिथे सगळं डोळ्यांसमोर असतं, विचारण्याची वेळ कमी येते. उपासाच्या दिवशी बटाटा, दही, फळं, इथे त्यासाठी शोधाशोध करावी लागत नाही. जिरं, धणे, सुक्या मिरच्या मध्यवर्ती बाजारातल्या मसाल्याच्या गाळ्यांवर मिळतात. तिथेच उझबेक लोक तंदूरमध्ये लावलेली गोल रोटी विकतात, गरम असताना घ्या.

नदीपलीकडे आगेन्सकाल्न्सचा विटांचा जुना बाजार आहे, डागडुजी करून २०२२ मध्ये पुन्हा उघडला. ट्रामने जाता येतं. गर्दी कमी, बसायला जागा, आई-बाबा दमले तर हा जास्त सोयीचा.

हिशेबवही

बिलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जुन्या शहरातल्या एका रेस्टॉरंटात आमच्या बिलात सेवाशुल्क आधीच लावलं होतं आणि वर यंत्रावर पुन्हा टिप विचारली. न मागता टेबलावर आलेल्या लिंबूपाण्याच्या भांड्याचेही पैसे. भांडलो नाही, पण त्या मुलाच्या चेहऱ्यावरून त्यालाही ते करावं लागत होतं हे कळत होतं. बिल वाचूनच पैसे द्या. सेवाशुल्क नसेल आणि सेवा चांगली असेल तर दहा टक्के द्यायची पद्धत आहे. लीडोत, बाजारात, काउंटरवर काही द्यावं लागत नाही.

आणि भारतीय कार्ड वापरलं तर यंत्र विचारतं की युरोत घेऊ की रुपयांत. नेहमी युरो. रुपये दाबले की दर ते ठरवतात आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो. बाबांना आकडा रुपयांत दिसला की बरं वाटेल म्हणून ते नेमकं तेच दाबतील, कार्ड तुमच्याकडे ठेवा.

सांगलीचा मेकॅनिकल

+१. अजून एक : हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री नऊ-दहापर्यंत बंद होतात, रविवारी त्याही आधी. पुण्यासारखं साडेदहाला जेवायला निघालात तर बर्गरशिवाय काही मिळणार नाही.

धुक्यातली वाट

धागा वाचून हिवाळ्याचं लिहावंसं वाटलं. आम्ही नाताळच्या बाजारासाठी गेलो होतो. डोमा चौकात लाकडी टपऱ्या, अंधार चारच्या आधीच पडतो. तिथे पेलेकिए झिर्नी खाल्ले : मोठे करडे वाटाणे, शिजवून, वर परतलेली डुकराची चरबी आणि कांदा. लाटवियाच्या या वाटाण्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. नाताळात ताटलीतला शेवटचा वाटाणाही संपवायचा असतो, नाहीतर येत्या वर्षात तितके अश्रू येतात असं मानतात. टपरीवरच्या बाईंनी आमच्या मुलीची वाटी निरखून बघितली आणि तळाशी राहिलेले दोन दाखवले. पाच-सात युरोंत त्या थंडीत तो गरम वाडगा हातात धरणं मला कुठल्याही मोठ्या हॉटेलपेक्षा मोलाचं वाटलं. सप्टेंबरात लीडोत मिळेल, शाकाहारी हवा असेल तर कोरडे वाटाणे बाजारातून घ्या, रात्रभर भिजवा, आणि आपल्या पद्धतीने उसळ करा.

जूनमध्ये जाणाऱ्यांसाठी : २३-२४ जूनला त्यांचा यानी सण असतो, शहर ओस पडतं, दुकानं-खानावळी बंद. त्या दोन दिवसांचं आधी आणून ठेवा. कॅरवे घातलेलं यानीचं चीज मात्र तेव्हा सगळीकडे असतं.

इसारकाठ

आता बेत असा केलाय : सोमवार ते शुक्रवार दुपारी बाहेर, शनिवारी सकाळी बाजार, रविवारी मोठं लीडो. माणशी ३० युरो धरतेय, त्यातले उरले तर एका संध्याकाळी डोमा चौकात मनासारखं जेवू, बाबांना किंमत न दाखवता. शेवटचं एक विचारते. परतताना काय आणावं? हातातल्या सामानात काय चालतं?

राईची भाकरी

युरोपीय संघातल्या संघात प्रवास, त्यामुळे जकातीचा प्रश्न नाही, फक्त विमानतळावरची सुरक्षा तपासणी. बिएझपिएन्स, मध, आंबट साय, लोणचं हे त्यांच्या लेखी द्रवात जमा, हातातल्या बॅगेत नको. मध विमानाच्या पोटात जाणाऱ्या (चेक-इन) सामानात कपड्यांत गुंडाळून. रिगाचा काळा बाल्सम, १७५२ पासूनचं औषधी वनस्पतींचं ४५ टक्क्यांचं मद्य, आणायचं तर तेही तिथेच. बाबा पुण्याला नेणार असतील तर भारतात माणशी दोन लिटर मद्य जकातीशिवाय चालतं. लाइमा या इथल्या कंपनीची चॉकलेटं हातात चालतात, त्यांच्या स्वतःच्या दुकानापेक्षा रिमीत स्वस्त.

पाव घ्याच. निघायच्या आदल्या संध्याकाळी, न कापलेला, अख्खा. दुकानातला भुसभुशीत नको, बोटाने दाबून बघा, जड आणि घट्ट लागला पाहिजे. सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नाही. आठवडाभर सहज टिकतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चव आणखी चांगली लागते.